उभ्या बाई आणि डुलतं स्टूल

आमच्या शाळेत वर्गात शिक्षकाला खुर्ची नव्हती. फार वर्षांपूर्वी कुणी एक साहेब पाहणीला आले, तेव्हा एक मास्तर खुर्चीत डुलकी काढताना सापडले. त्या एकट्याला झापून भागलं असतं. पण साहेबांनी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलायला लावल्या आणि त्या जिन्याखालच्या अडगळीत कोंबल्या गेल्या. बसलेला शिक्षक शिकवत नाही, असं ठरून गेलं. साहेब पुढे निवृत्त झाले, आता घरी आरामखुर्चीत पाय पसरून बसत असतील. आम्ही मात्र उभेच राहिलो.

त्या नियमाखाली सगळ्यांत जास्त वर्षं काढली ती सकाळच्या बाईंनी. मुलं पाठीमागे त्यांना 'उभ्या बाई' म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. उंच, हाडकुळ्या, आवाज खालचा. शिकवताना एक हात खिडकीच्या चौकटीवर आणि अंगाचा भार कधी या पायावर, कधी त्या. मी दुपारची. खोली एकच, पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली. सकाळी त्यांची मुलं, दुपारी माझी. मी जिना चढून वर यायचे तेव्हा त्या भिंतीला टेकून माझीच वाट बघत असायच्या. "आलीस? घे बाई, सांभाळ तुझं राज्य," म्हणायच्या आणि कठडा धरून उतरायला लागायच्या. दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची पायरी. बघणाऱ्याचाच जीव वरखाली व्हायचा.

गुडघ्यांतली गादी झिजली आहे, उभं राहणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. बाई म्हणाल्या, "काम बंद करा असंच म्हणा ना सरळ."

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून जन्मभर वाकून बसल्यामुळे त्यांची पाठ कामातून गेलेली. एकाने जन्म बसून काढला, एकीने उभ्याने, आणि घरात तेलाची बाटली एकच. तिच्यावरून दोघांची रोज संध्याकाळी जुंपायची. "तुमच्या एका पाठीला अर्धी बाटली लागते," असं या म्हणणार. "तुझे गुडघे दोन आहेत, ते नाही दिसत तुला," असं ते. मी त्यांच्याकडे गेले की हा तमाशा फुकटात बघायला मिळायचा आणि मी मनसोक्त हसून घ्यायचे.

एकदा मात्र यजमानांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "तुम्ही तरी सांगा हिला. शाळेतून आली की चप्पल काढायला खाली वाकता येत नाही. मी काढतो म्हटलं तर चिडते."

बाईंनी तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला उभं राहवत नाही हे शाळेत कळलं ना, की वर्ग काढून घेतील. खालच्या पुस्तकांच्या खोलीत बसवतील शिक्के मारत. मुलं वर आणि मी खाली. तिथे बसून मी काय करू गं?"

एवढंच होतं. बाईंना बढती नको होती, सत्कार नको होता, गुडघेसुद्धा त्यांनी देऊन टाकले होते. त्यांना वर्ग हवा होता आणि तो हातचा जाईल म्हणून त्या दुखणं लपवत होत्या. आम्ही दोघी-तिघी सोडल्या तर कुणाला पत्ता नव्हता.

अशात शाळेला नवं सामान मिळालं. कुठल्याशा संस्थेने एका वर्गापुरतं दिलं आणि आमच्या कोपऱ्यातल्या खोलीचं नशीब उघडलं. जुनी लांबलचक बाकं गेली. त्यांच्या जागी चाकांची हलकी अर्धगोल टेबलं आली, हवी तशी जोडायची, हवी तशी सोडवायची. काही बुटकी टेबलं, खाली बसून लिहायची. एक उंच टेबल, उभ्याने लिहायचं. जाड गाद्या. आणि बूड गोल असलेली स्टुलं, बसलं की माणूस डुलतो अशी. सोबत एक गुळगुळीत माहितीपत्रक, त्यात सगळी मुलं हसणारी. हेडसरांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला आणि शिपाईमामांना म्हणाले, "उत्तम आहे. ओळीत लावा."

मामांनी ओळीत लावलं. पण चाकांची टेबलं ओळीत राहतात कसली! एक मूल हललं की अख्खी ओळ चालायला लागायची. मग मामांनी डोकं लढवलं. नायलॉनची दोरी आणली आणि सगळ्या टेबलांचे पाय एकमेकांना बांधून टाकले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. उंच टेबल कोपऱ्यात ढकलून त्यावर दप्तरांचा ढीग. डुलती स्टुलं मागच्या ओळीला, कारण पुढे असली तर शोभत नाहीत म्हणे. गाद्यांवरचं प्लॅस्टिक मळू नये म्हणून काढलंच नाही. मला हे सगळं पसंत होतं, खोटं कशाला बोलू! माझ्या दुपारच्या मुलांच्या हाती मोकळी चाकं लागली असती तर त्यांनी मला टेबलासकट जिन्यावरून खाली पोचवलं असतं.

सकाळच्या वर्गात एक मुलगी होती, भिंगरी. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिची आईसुद्धा भिंगरीच म्हणायची. तिला बसवत नसे. बाकावर बसवली की बघता बघता अर्धी उभी, मग गुडघ्यांवर, मग बाकाखाली. आधीच्या वर्गांत तिला दटावून झालं, पहिल्या बाकावर आणून झालं, शेवटच्या बाकावर नेऊन झालं. आईला बोलावून ऐकवून झालं. वही कोरी ती कोरीच. बाई तिच्यावर चिडत नसत. "तिचे पाय आणि माझे पाय वाटताना कुणाचा तरी घोटाळा झालाय," असं मला म्हणाल्या होत्या.

त्यानंतर जे झालं ते मी पाहिलं नाही, बाईंकडून आणि मुलांकडून मिळून ऐकलं. बाई मागच्या ओळीत कुणाची तरी वही बघायला निघाल्या आणि मामांच्या दोरीवरून पाय टाकताना गुडघा दगा देऊन गेला. त्यांनी टेबल धरलं. टेबल सरकलं, दोरी सुटली आणि बाई धप्पकन एका डुलत्या स्टुलावर येऊन बसल्या. मुलं हसली. बाईही हसल्या. पण उठायला गेल्या तर उठवेना.

आता आली का पंचाईत! वर्गाला सांगायचं काय? बाई म्हणाल्या, "आज मी इथूनच शिकवणार. ज्याला फळा दिसत नाही त्याने फळा सोडा आणि इकडे या."

मुलं कशाला थांबतात? बाकीच्या दोऱ्या सुटल्या, टेबलं घरंगळत मागे आली, कुणी खाली बसलं, कुणी गाद्यांचं प्लॅस्टिक फाडलं. त्या गडबडीत भिंगरीला बसायला काही उरलं नाही. तिने उंच टेबलावरची दप्तरं खाली लोटली आणि तिथे उभी राहून गणित सोडवायला लागली. पाय चालूच होते, एक सारखा दुसऱ्यावर घासत होती, पण हात चालला होता. तास संपेपर्यंत तिच्या वहीच्या पानाची एक बाजू भरली होती. बाईंनी ते पान मला दुपारी दाखवलं. उत्तरं निम्मी चुकलेली होती आणि बाईंना काय दाखवू नि काय नको असं झालं होतं.

तेव्हापासून रोज तेच. जिला बसवत नव्हतं ती उभी, ज्यांना उभं राहवत नव्हतं त्या बसलेल्या, आणि मध्ये बाकीचा वर्ग जसा जमेल तसा. मी दुपारी वर यायचे तेव्हा खोलीचा बाजार झालेला असायचा. तीन डोकी एका अर्धगोलात घुसून भागाकारावरून हमरीतुमरीवर आलेली. एक जण गादीवर पालथा पडून वाचतोय. डुलत्या स्टुलांवरची चुळबुळी पोरं डुलतायत आणि लिहितायत. अंगाला हलायला मिळालं म्हणून डोकं जागेवर राहत असावं. मी दारातून ओरडायचे, "बाई, हा वर्ग आहे की धर्मशाळा?" त्या म्हणायच्या, "जरा थांब, त्याचं उत्तर येतंय." आणि मी, दुपारच्या वर्गाची मालकीण, दारात तिष्ठत उभी.

मग सगळी मिळून टेबलं ओळीत लावायची, दोऱ्या बांधायच्या, माझा दुपारचा वर्ग सुरू. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. माझी मुलं घंटा व्हायच्या आधीच दप्तर पाठीला लावून बसायची. सकाळची मुलं घंटा झाली तरी "थांबा ना" म्हणायची. त्याचा मला राग यायचा. खोली तीच, टेबलं तीच, मग माझ्याच वाट्याला ही पेंगणारी तोंडं का?

बाईंना एकदा ते विचारलंही. त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "मला काय माहीत! मी दमले म्हणून बसले. पण एक झालं बघ. उभी होते तेव्हा पोराला काही विचारायचं तर मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारावं लागायचं. आता कानात विचारतात. इतकी वर्षं न विचारलेलं सगळं विचारतायत. काय काय येत नव्हतं गं यांना, आणि मी आपली पुढे जात होते."

हेडसरांनी एकदा खिडकीतून हे पाहिलं. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे. त्यांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं, मी शेजारीच होते. "बाई, मी काही पाहिलेलं नाही. पण नवे साहेब पाहणीला येणार आहेत. त्या दिवशी ओळी लागलेल्या पाहिजेत आणि तुम्ही उभ्या दिसल्या पाहिजेत. तुम्हाला उभं राहवत नाही असं त्यांच्या लक्षात आलं, तर मला तुम्हाला वर्गावर ठेवता येणार नाही. माझा नाइलाज आहे."

"राहीन की उभी," बाई म्हणाल्या. "एका तासाने काय होतंय!"

साहेब आले त्या दिवशी मला सकाळीच बोलावून घेतलं होतं, मागे उभं राहून शिस्त दाखवायला. ओळी दोरीने आवळलेल्या. मुलं हाताची घडी घालून. बाई फळ्याजवळ, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हात चौकटीवर. साहेब वेळेवर येतील तर ते साहेब कसले! खाली हेडसरांच्या खोलीत चहा लांबला. वर बाई उभ्याच. कपाळावर घाम आलेला मला मागून दिसत होता. मी खुणेने म्हटलं, बसा जरा. त्यांनी मान हलवली.

शेवटी साहेब आले. मऊ बोलणारे, जिना चढून धाप लागलेले गृहस्थ होते. बाईंनी धडा घेतला, आवाज नेहमीपेक्षा वर होता. साहेबांनी मुलांना प्रश्न विचारले आणि नेमकं बोट दाखवलं ते भिंगरीकडे. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, हलायचं नाही असं सकाळीच तिला सगळ्यांनी बजावलेलं. सारी ताकद न हलण्यात चाललेली. साहेबांनी गणित सांगितलं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. साहेबांनी परत सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही जरा मागे आहे का?" साहेबांनी हळूच विचारलं. विचारलं हळूच, पण वर्गाने ऐकलं आणि तिनेही ऐकलं.

बाई एकदा हेडसरांकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलंही नाही. "मागे नाही ती," त्या म्हणाल्या. "भिंगरे, ऊठ. जा तुझ्या जागेवर."

भिंगरी उंच टेबलाशी गेली, दप्तरं लोटली, एका पायाने दुसरा पाय घासत खडखडीत आवाजात उत्तर सांगितलं. मग कसं काढलं तेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "ही रोज तिथेच उभी राहते?"

"हो."

"मग आज का नाही?" हेडसर छताकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "रोज कसं चालतं ते दाखवा बघू मला."

मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती मान डोलावली आणि दोऱ्या सुटल्या, चाकं फिरली, गाद्या पसरल्या, डोळ्यांदेखत खोली माणसात आली. बाई त्यांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. नाटक करायचं त्राणच उरलं नव्हतं त्यांच्यात, आणि मला वाटतं, इच्छाही नव्हती. एकामागून एक वह्या आल्या, कानाशी तोंडं आली. थोड्या वेळाने मुलं साहेबांना विसरली. साहेबही एका बुटक्या टेबलाशी टेकले आणि भागाकाराच्या भांडणात पंच झाले. मी कुणा साहेबाला इतकं खूश झालेलं आजवर पाहिलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

जायला निघाले तेव्हा साहेबांनी बाईंना हात जोडले. बाई उठायला गेल्या. उठवेना. परत गेल्या, परत खाली बसल्या. भिंगरीला हे रोजचंच होतं. ती धावत आली, टेबल सरकू नये म्हणून मामांना कधी न सापडलेली चाकाची कळ पायाने दाबली, आपला खांदा बाईंच्या हाताखाली दिला आणि "एक, दोन, तीन, हूं" म्हणून त्यांना उभं केलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"केव्हापासून होतंय हे, बाई?"

"आजच जरा," बाई म्हणाल्या.

"रोज होतं," भिंगरी म्हणाली. ती मदतच करत होती बिचारी.

साहेबांनी खाली जाऊन जे लिहून दिलं त्यात एक शब्द वाकडा नव्हता, ते आम्ही सगळ्यांनी वाचलं. वर्ग उत्तम चालला आहे. दोऱ्या काढाव्यात, टेबलं मोकळी ठेवावीत, मुलांना हवं तसं बसू द्यावं, उभं राहू द्यावं, आणि जमेल तसं हे इतर वर्गांतही करावं. शिक्षकांनी न बसण्याचा नियम आजपासून रद्द. आणि बाईंनी खूप केलं, आता त्यांना जिना चढायला लावू नये, बसून करायचं काम द्यावं. किती चांगला माणूस! त्याच्यावर धड रागावताही येत नाही, आणि मला तर फार रागवायचं होतं.

मामांनी जिन्याखालच्या खुर्च्या बाहेर काढल्या, जळमटं झाडली. त्यातली हातांची, चांगली धडधाकट होती ती पुस्तकांच्या खोलीत गेली, बाईंसाठी. सकाळचा वर्ग मला दिला, दुपारच्या वर्गाला शिकवायला नवीन मुलगी आली. निघताना बाईंनी मला कुठलं मूल कुठे बसतं, कुणाला कुठे बसवायचं नाही, ते सांगितलं. भिंगरीबद्दल म्हणाल्या, "तिच्या पायांकडे बघायचं नाही. हाताकडे बघ." मग म्हणाल्या, "तू रडतेस कशाला वेडे, मी काय मेलेय?"

आता मी रोज सकाळची पाळी सुटली की पुस्तकांच्या खोलीत डोकावते. बाई खुर्चीत बसलेल्या असतात, पुढ्यात शिक्का. मला बघितलं की सुरू होतात, तो बोलला का, तिचं हातच्याचं जमलं का, भिंगरीचं पान भरलं का. मी सगळं सांगते. पान भरतं आता दोन्ही बाजूंनी. भिंगरी पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत खाली जायची, मग मैत्रिणी झाल्या, खेळात रमली, तेही बरंच झालं. वर्ग चांगला चाललाय, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. बाई ऐकून घेतात आणि "छान, छान" म्हणतात.

काल त्यांनी काही विचारलंच नाही. शिक्का हातात धरून बसल्या होत्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," त्या म्हणाल्या. "अगदी बरे आहेत गं." आणि शिक्का खाली ठेवून, पदराने तोंड झाकून त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं. मी खांद्यावर हात ठेवला तरी थांबेनात. मग जरा सावरून, हसल्यासारखं करत म्हणाल्या, "आज सकाळी जाग आली तर काहीसुद्धा दुखत नव्हतं. मला वाटलं, आज शाळा नाही."